गावी यायचे, पण किती दिवसांसाठी?

“आजी गेल्याचे कळले तेव्हा मुलगा अमेरिकेहून आला आणि आठव्या दिवशी परत विमानात बसला. पुण्यानुमोदनालाही थांबला नाही. जास्त दिवस राहिलो तर ग्रीन कार्ड जाते, म्हणाला. पोरगं पाहुण्यावानी आलं अन् गेलं. हे कार्ड खरेच इतके नाजूक असते काय?”

मोहर्लीच्या एका आयुष्मतींचा हा प्रश्न आहे. त्यांनी तो रागाने विचारलेला नाही, पण आजीच्या जलदान विधीला नातू नव्हता ही गोष्ट चार नातेवाईक बोलून दाखवतात आणि आईला ती खाली मान घालून ऐकावी लागते. असे प्रश्न आता एकट्या मोहर्लीत राहिलेले नाहीत. बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये, भद्रावतीच्या आयुध निर्माणीत, कोळशाच्या खाणीत ज्यांनी हयात घालवली त्यांची मुले नागपूरला इंजिनिअर झाली आणि तिथून न्यू जर्सी, टेक्सास, टोरांटोपर्यंत पोहोचली. काही मुले राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीवर गेली आणि तिकडेच नोकरीला लागली. बाबासाहेबांनी दाखवलेल्या वाटेवरचे हे पुढचे पाऊल आहे आणि त्याचा अभिमान आपल्याला आहेच. परंतु मागे राहिलेल्या आईबापांना तिकडचा कायदा ठाऊक नसतो, मुलांना अर्धवट ठाऊक असतो आणि या दोहोंच्या मध्ये घरातले नाते आंबते. म्हणून हा विषय कुटुंबाच्या पानावर घेतला आहे.

त्या माउलीला सरळ उत्तर द्यायचे तर असे: आठ दिवसांनी ग्रीन कार्ड जात नाही. महिन्याने जात नाही, दोन महिन्यांनीही सहसा जात नाही. मुलाने एक तर नोकरीतल्या रजेची अडचण कार्डाच्या नावावर खपवली, किंवा त्याच्याकडे अजून ग्रीन कार्ड नाहीच. दुसरी शक्यता अधिक. आपली बहुतेक मुले एच-१बी या कामाच्या व्हिसावर असतात. भारतीयांसाठी नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की दहा-दहा वर्षे उलटली तरी नंबर लागत नाही. अर्ज अंतिम टप्प्यात पडून असताना, एच-१बी किंवा एल-१ व्हिसा हाताशी नसलेला माणूस ‘अ‍ॅडव्हान्स पॅरोल’ नावाचे परवानगीपत्र न घेता देशाबाहेर पडला, तर त्याने अर्ज सोडून दिला असे धरले जाते. तेव्हा आईने मुलाला आधी एवढेच विचारावे: “बाळा, तुझ्याकडे नेमके काय आहे? व्हिसा, पडून असलेला अर्ज, की कार्ड?” तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

घर कोणते?

मोहर्लीकरांना गेटचा हिशेब सांगायला नको. जिप्सी आत किती वाजता गेली याची नोंद होते, बाहेर पडायची वेळ ठरलेली असते आणि उशीर झाला तर जाब द्यावा लागतो. अमेरिकेच्या विमानतळावरही नोंद असते. पण तिथे घड्याळापेक्षा मोठा प्रश्न विचारला जातो. तुझे घर कोणते? तू इथे राहतोस आणि गावी भेटीला जातोस, की गावी राहतोस आणि इथे भेटीला येतोस?

ग्रीन कार्डाचा सगळा कायदा या प्रश्नाभोवती फिरतो. दिवसांचे आकडे आहेत, पण ते या प्रश्नाच्या हाताखाली काम करतात. कार्डधारक सतत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर परतताना तो नव्याने प्रवेश मागणारा समजला जातो आणि त्याची पुन्हा तपासणी होऊ शकते. एक वर्ष किंवा त्याहून अधिक बाहेर राहिला तर नुसते कार्ड दाखवून आत जाता येत नाही. या दोन आकड्यांवरून आपल्या लोकांत एक समजूत पसरली आहे, की सहा महिने पूर्ण व्हायच्या आत एकदा तिकडे पाय लावून यायचे म्हणजे कार्ड सुरक्षित. ही समजूत चुकीची आहे. वर्षातले अकरा महिने गावी आणि एक महिना तिकडे असा क्रम दिसला, तर प्रत्येक खेप सहा महिन्यांच्या आतली असूनही ‘याचे घर तिकडे आहे’ असे अधिकारी म्हणू शकतो. उलट आजारी आईसाठी सात महिने थांबलेल्या माणसाचे तिकडे भाड्याचे घर चालू आहे, नोकरीवर रजा मंजूर आहे, रहिवासी म्हणून त्याने आयकर भरला आहे, मुले तिथल्या शाळेत आहेत, तर त्याचे घर कोणते याविषयी शंका घ्यायला जागा कमी उरते.

जास्त काळ थांबावे लागणार हे आधी कळले असेल तर त्यासाठी ‘री-एंट्री परमिट’ आहे. ते दोन वर्षांपर्यंत मिळते. यातली मेख अशी की त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि बोटांचे ठसे देण्यासाठी बोलावले जाऊ शकते. मोहर्लीत बसून तो अर्ज करता येत नाही. आईला अर्धांगवायू झाल्याचा फोन रात्री येतो आणि मुलगा सकाळच्या विमानाने निघतो, तेव्हा हे कुणाच्या डोक्यात असणार? म्हणून ज्यांचे आईवडील थकले आहेत अशा मुलांनी या परमिटची माहिती आधीच काढून ठेवलेली बरी. अर्ज भरून निघाले की तयार परमिट अमेरिकेच्या वकिलातीत पाठवण्याची सोय असते.

आणि वर्ष उलटूनच गेले तर? मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागता येतो. तिथे सिद्ध करावे लागते की परतायचा इरादा कायम होता आणि थांबावे लागले ते आपल्या हातात नसलेल्या कारणाने. दवाखान्याचे कागद तेव्हा कामी येतात.

आणखी एक गोष्ट आपल्या माणसांना ठाऊक असायलाच हवी. विमानतळावर अधिकाऱ्याला संशय आला तर तो एक फॉर्म पुढे करू शकतो. त्याचा क्रमांक आय-४०७. ‘मी माझा कायम रहिवास स्वखुशीने सोडत आहे’ असा त्याचा अर्थ. थकलेला, घाबरलेला, इंग्रजी न कळणारा माणूस बोट दाखवले तिथे सही करतो. ही सही करण्याची सक्ती नाही. मला इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी हवी, असे म्हणता येते. ज्यांच्या आजोबांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठे उठवले, त्यांना न वाचता सही करू नये हे वेगळे सांगायला नको.

खरा धोका कुणाला?

आठ दिवसांत परत पळणाऱ्या तरुणाला फारसा धोका नसतो. धोका असतो तो त्याच्या आईबापांना. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला की तो आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागतो. ते मिळते. आई सुनेच्या बाळंतपणाला जाते, वडील नातवाला बागेत फिरवतात. पहिला हिवाळा कसाबसा जातो. विहार दूर, पोर्णिमेला भेटायला चार माणसे नाहीत, बोलायला कुणी नाही, गाडी चालवता येत नाही. दोघे म्हणतात, चला आपल्या गावी. इथे घर आहे, पेन्शन इथल्या बँकेत येते, धानाची दोन एकर जमीन आहे. मग वर्षातून एकदा तिकडे जाऊन यायचे आणि कार्ड जिवंत ठेवायचे असा बेत ठरतो.

या दोघांचे घर कोणते हे शेंबडे पोरही सांगेल, तिथे अधिकाऱ्याला ते का कळू नये? आमचे स्पष्ट मत असे की ज्या आईवडिलांना मनापासून इथेच राहायचे आहे त्यांनी कार्डाचा हट्ट धरू नये. रीतसर कार्ड परत करावे आणि भेटीचा पर्यटक व्हिसा मागावा. तो भारतीयांना सहसा दहा वर्षांचा मिळतो आणि एका खेपेला बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहता येते. नातवंडांना भेटायला तेवढे पुरे. अमुक घरच्या म्हाताऱ्यांकडेसुद्धा ग्रीन कार्ड आहे या मोठेपणासाठी दर वर्षी वीस तासांचा प्रवास आणि विमानतळावरची उलटतपासणी सोसणारे लोक आहेत.

मुलालाही एक हिशेब ठेवावा लागतो, तो नागरिकत्वाचा. ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, पण त्या पाच वर्षांत निदान तीस महिने प्रत्यक्ष तिकडे काढलेले असावे लागतात. एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिले तर सलग वास्तव्य तुटले असे गृहीत धरतात आणि तसे नाही हे आपल्याला पटवून द्यावे लागते. वर्षभर राहिले तर ते तुटतेच. म्हणजे कार्ड वाचले तरी नागरिकत्व लांबू शकते. आणि नागरिकत्व घेतले की भारताचे सुटते, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मग ओसीआय कार्डावर गावी येता येते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळू शकते.

बाळंतपणासाठी माहेरी

लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आपल्याकडची रीत. लेक सातव्या महिन्यात येते आणि बाळ तीन-चार महिन्यांचे झाल्यावर जायचे म्हणते. सहा महिने उलटायला वेळ लागत नाही. तेव्हा ग्रीन कार्डधारक लेकीने येतानाच दिवस मोजून तिकीट काढावे. बाळाचे काय, ही भीती अनेकींना असते. आई कायम रहिवासी असताना तात्पुरत्या भेटीत परदेशात जन्मलेल्या बाळाला वेगळा इमिग्रंट व्हिसा लागत नाही. मात्र बाळ दोन वर्षांचे व्हायच्या आत आणि आईच्या परतीच्या पहिल्याच खेपेत तिच्यासोबत गेले पाहिजे. आईची कागदपत्रे वैध असली पाहिजेत आणि बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव बिनचूक असले पाहिजे. ‘तू पुढे जा, बाळाला आम्ही नंतर पाठवतो’ असे प्रेमळ आजीने म्हटले तर ती सवलत हातची जाऊ शकते. मग बाळासाठी वेगळा अर्ज, वेगळी रांग. लग्नामुळे मिळालेले पहिले कार्ड दोनच वर्षांचे असेल, तर त्याच्या अटी उठवण्याचा अर्ज शेवटच्या नव्वद दिवसांत करायचा असतो, हेही माहेरच्या मुक्कामात विसरू नये.

दुसऱ्या देशांचे नियम थोडक्यात सांगतो. कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस हजर असले की भागते. त्यामुळे तिथल्या मुलाला आईजवळ वर्षभर राहणे अमेरिकेपेक्षा सोपे जाते. ब्रिटनमधला कायम रहिवास सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास संपतो. ऑस्ट्रेलियात रहिवास कायम असला तरी प्रवासाची मुभा पाच वर्षांची असते, नंतर परतीचा व्हिसा घ्यावा लागतो. दुबईकडे गेलेल्यांना कायम रहिवास सहसा नसतोच. तिथला नेहमीचा रहिवासी व्हिसा सहा महिने बाहेर राहिले की रद्द होतो.

ठरलेल्या मुदतीत परतण्याची ही ओढाताण आपल्या चळवळीला नवी नाही. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून मायदेशी यावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० साली परतले, म्हणजे मुदतीच्या आत. ती परवानगी आधी घेतली नसती तर लंडनची डी.एस्सी. कुठे राहिली असती?

ज्यांना गावच उरले नाही

आतापर्यंत बोललो ते स्वखुशीने गेलेल्यांविषयी. निर्वासिताची गोष्ट उलटी आहे. आणि निर्वासित म्हणजे काय हे समजायला चंद्रपूरकराला दूर जावे लागत नाही. शहरातला बंगाली कॅम्प सर्वांना ठाऊक आहे. मुलचेरा, चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांची गावेच्या गावे आहेत आणि त्यांत नमशूद्र पुष्कळ. हे तेच लोक, ज्यांचे नेते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या बळावर १९४६ साली बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन भारतात निघून आले. तिकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी बौद्धांची नॉर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून आहे. आपल्यातले कितीतरी उपासक तिथल्या गोंपात जाऊन आले असतील. त्या तिबेट्यांपैकी पुष्कळांकडे पासपोर्ट नाही, नोंदणी प्रमाणपत्र आहे. परदेशी जायचे तर आयडेंटिटी सर्टिफिकेट लागते. निघताना परत भारतात येता येईल याची सोय कागदावर करून घ्यावी लागते. ल्हासाकडची आई वारली तरी जाता येईलच असे नाही, आणि गेले तर परत येता येईलच असेही नाही.

निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ सालचा. भारताने त्यावर सही केलेली नाही, पण पाश्चात्त्य देश त्याने बांधलेले आहेत. त्यात एक कलम असे आहे की निर्वासिताने स्वखुशीने आपल्या मूळ देशाचे संरक्षण पुन्हा घेतले तर त्याचे निर्वासितपण संपते. मूळ देशाचा पासपोर्ट काढणे, त्यावर गावी जाऊन येणे, हे त्याचे पुरावे धरले जातात. तू म्हणालास तिथे जिवाला धोका आहे, मग लग्नाला कसा गेलास, असा हा युक्तिवाद. अमेरिकेतही आश्रय मिळालेला माणूस मूळ देशी गेला तर आश्रयाच्या मूळ दाव्यावरच प्रश्न उभा राहू शकतो. कॅनडाने तर डिसेंबर २०१२ पासून कायदा असा केला की या कारणाने निर्वासितपण गेले तर त्याबरोबर कायम रहिवासही जातो, मग तो मिळून कितीही वर्षे झालेली असोत. तिथे स्थायिक झालेली माणसे, आजारी आईला भेटून आल्यामुळे, पुन्हा बेघर होण्याच्या भीतीत सापडली. २०२२ साली तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने सांगितले की माणूस का गेला, तिथे लपून राहिला का, परिणामांची त्याला जाण होती का, हे सगळे पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाची १९७९ सालची मार्गदर्शिकासुद्धा म्हाताऱ्या किंवा आजारी आईबापांची भेट आणि सुटी घालवायला वारंवार जाणे यांत फरक करते. हा फरक माणुसकीचा आहे. मरणाऱ्या आईच्या उशाशी बसणे म्हणजे सरकारवर विश्वास बसणे नव्हे. जातीच्या जाचाने गाव सोडून मुंबईत आलेले आपले वाडवडील आईच्या मातीला त्याच गावी जातच होते. म्हणून गावात जाच नव्हता असे कुणी म्हणेल काय?

आता आपल्या तरुणांसाठी एक सावधगिरीची सूचना. परदेशी व्हिसा संपत आला की ‘तू दलित आहेस, जातीच्या छळाचे कारण दे आणि आश्रय माग’ असा सल्ला देणारा एखादा दलाल भेटू शकतो. ज्याच्या जिवावर खरोखर बेतले आहे त्याने आश्रय जरूर मागावा, तो त्याचा हक्क आहे. पण नोकरी टिकवण्याची युक्ती म्हणून हा मार्ग धरणाऱ्याने पुढचा विचार करावा. भारतात माझ्या जिवाला धोका आहे असे शपथेवर लिहून देणारा मुलगा १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर कसा येणार? आला आणि फोटो काढला तर तो फोटोच त्याच्याविरुद्ध साक्ष देईल. खोटे उघड झाले तर पुढच्या खऱ्या पीडिताच्या तोंडावरही दार आपटते. आणि आईला मात्र सांगावे लागते, की मी येऊ शकत नाही.

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी घरी काही कागद तयार ठेवावेत. आईवडिलांच्या आजारपणाचे दवाखान्याचे कागद तारखेसह आणि डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह असावेत, कारण मुलगा का थांबला याचा तोच पुरावा. घरात मृत्यू झाला तर त्याची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी आणि इंग्रजी मजकूर असलेला दाखला मागून घ्यावा. लेक माहेरी बाळंत झाली तर जन्माची नोंदही त्याच मुदतीत करावी. तिचे नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच लिहून घ्यावे, माहेरचे एकदा आणि सासरचे एकदा असे करू नये, आणि बाळाच्या पासपोर्टचा अर्ज दाखला हातात पडताच करावा. मुलाने परत जाताना या कागदांच्या प्रती सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. विमानतळावर विचारपूस होते तेव्हा मोठी बॅग अजून पट्ट्यावर आलेली नसते.